न झालेल्या गोलांचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. त्याआधी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक म्हणजे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले एक वाक्य होते. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. परीक्षेला एवढे पुरते.

आज मला त्यातल्या दुसऱ्या नावाविषयी बोलायचे आहे. ते वाक्य वाचून कोणालाही वाटेल की जर्नेलसिंग हा गोल करणारा खेळाडू होता. प्रत्यक्षात त्याचे काम नेमके उलटे होते. तो बचावपटू होता, आणि त्या काळात आशिया खंडातल्या सर्वांत चांगल्या बचावपटूंमध्ये त्याची गणना होत असे. दहा-बारा वर्षे तो इतरांचे गोल अडवत राहिला, आणि इतिहासात त्याची ठळक नोंद झाली ती त्याने स्वतः एका आठवड्याच्या आत केलेल्या दोन गोलांसाठी. तेही डोक्याला टाके पडलेले असताना, आपली नेहमीची जागा सोडून खेळताना.

फुटबॉलच्या जुन्या नोंदी चाळल्या की एक गोष्ट लक्षात येते. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, हे लिहिलेले असते. गोल कोणी होऊ दिला नाही, हे कुठेच नसते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला निदान बळी आणि धावा असे दोन आकडे तरी मिळतात. फुटबॉलमधला बचावपटू मात्र निवृत्त झाला की त्याच्यामागे उरतात त्या फक्त बघणाऱ्यांच्या आठवणी. मी स्वतः जर्नेलसिंगला खेळताना पाहिलेले नाही. मग अशा माणसाचा मोठेपणा मोजायचा कसा? थोडा आडवाटेने हिशेब करावा लागतो.

तो हिशेब रोम ऑलिंपिकपासून सुरू करू. १९६० साली भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या संघात फ्लोरियन आल्बर्ट हा तरुण आघाडीवीर होता, ज्याला पुढे १९६७ साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून गौरवण्यात आले. या हंगेरीने फ्रान्सला ७-० असे धुतले. पेरूवर ६ गोल चढवले. आणि भारताविरुद्ध? फक्त २. भारत तो सामना १-२ असा हरला, गोल तुळशीदास बलरामचा. पुढच्या सामन्यात फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, तो गोल पीकेचा. पेरूशी मात्र १-३ अशी हार झाली. एकही सामना न जिंकता भारत परतला, म्हणून आपल्या क्रीडा इतिहासात रोमची फारशी वाहवा होत नाही. पण फ्रान्सवर सात आणि पेरूवर सहा गोल करणाऱ्या संघाला भारतीय बचावफळीने दोनवर रोखले होते, आणि तिच्या मधोमध जर्नेलसिंग उभा होता.

हे किती मोठे काम होते ते कळायचे तर आणखी आठ वर्षे मागे जावे लागेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताने युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मार खाल्ला होता. दहा गोल! थंडी आणि ओलसर मैदान, त्यात आपले बरेचसे खेळाडू अनवाणी, आणि देशातले सामने ७० मिनिटांचे असल्यामुळे पूर्ण ९० मिनिटे पळण्याची सवय नाही, ही कारणे त्या वेळी दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण एक कारण कमी चर्चेत आले. बचावाची आपली मांडणीच जुनी होती.

तेव्हा आपले संघ मागे दोन फुलबॅक, मधे तीन हाफबॅक आणि पुढे पाच आघाडीवीर अशा रीतीने खेळत. मधला सेंटर हाफ चेंडू घेऊन पुढे जायचा, मागे राहायचे दोघेच. इंग्लंडमध्ये १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोन असले तरी चालेल असे ठरले. आघाडीवीरांचे फावले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. त्यावर उपाय म्हणून आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे ओढून दोन फुलबॅकच्या मधे उभे केले. हा झाला ‘स्टॉपर’. नावातच त्याचे काम आले. मधून घुसणाऱ्या सेंटर फॉरवर्डला थोपवायचे. आपल्याकडे ही गोष्ट पुरती रुजायला फार उशीर झाला. गोष्ठ पाल आणि पुढे शैलेन मन्ना यांच्यासारखे थोर बचावपटू आपल्याकडे होऊन गेले. गोष्ठ पालांना तर लोक ‘चीनची भिंत’ म्हणत. पण ते जुन्या पद्धतीतले फुलबॅक होते.

हेलसिंकीनंतर ही मांडणी बदलण्याचे काम रहीमसाहेबांनी मनावर घेतले. हैदराबादचा हा शाळामास्तर. मुंबईकरांना त्यांचे कर्तृत्व वेगळे सांगायला नको होते, कारण त्यांच्या हैदराबाद पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे इथला रोव्हर्स करंडक उचलून नेला होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. उपांत्य सामन्यात पुन्हा गाठ पडली युगोस्लाव्हियाशी, आणि या वेळी हार होती १-४. दहाचे चार झाले. चार वर्षांनी हंगेरीविरुद्ध दोन. आकडे असे शेजारी शेजारी ठेवले की रहीमसाहेबांनी मागची बाजू कशी बांधत नेली ते दिसते. त्या बांधकामातला मधला खांब त्यांना जर्नेलसिंगच्या रूपाने मिळाला.

जर्नेलसिंगचा जन्म १९३६ चा, तेव्हाच्या लायलपूर जिल्ह्यातला. आज त्या गावाला फैसलाबाद म्हणतात आणि ते पाकिस्तानात आहे. फाळणी झाली तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांचा होता. घरदार सोडून कुटुंब इकडच्या पंजाबात, होशियारपूर जिल्ह्यात आले. त्या वर्षी पंजाबात काय झाले ते मी सांगायला नको. निर्वासितांच्या ज्या पिढीने पुढे शेती, धंदा, लष्कर असे सगळे पुन्हा शून्यातून उभे केले त्याच पिढीतला हा एक मुलगा. माहिलपूरचे खालसा कॉलेज, मग जालंधरचे डीएव्ही कॉलेज असा त्याचा प्रवास. माहिलपूर हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. पंजाब म्हटले की आपल्याला हॉकी आठवते, पण होशियारपूर जिल्ह्यातला हा टापू फुटबॉलचा. आपल्याकडे कोल्हापूर म्हटले की बाहेरच्यांना फक्त कुस्ती आठवते आणि तिथले फुटबॉलवेड कोणाच्या गावी नसते, तसेच काहीसे.

जालंधरहून तो कोलकात्याला गेला. आधी राजस्थान क्लब, आणि १९५९ पासून मोहन बागान. त्या क्लबात तो दहा वर्षे राहिला. कोलकात्याच्या प्रेक्षकाला सफाईदार, नजाकतीचा खेळ प्रिय. चुनी गोस्वामी हा त्यांचा गळ्यातला ताईत. तिथे हा उंचापुरा शीख जवान आला तो जमिनीवरून घसरत जाऊन चेंडू काढून घेणारा, खांद्याला खांदा भिडवणारा, चेंडूसाठी डोके कुठेही घालणारा. बंगाली प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. जर्नेल बागानमध्ये असतानाच्या काळात क्लबने १९५९, १९६०, १९६३, १९६४ आणि १९६५ असा पाच वेळा ड्युरँड करंडक मिळवला, त्यात १९६० चा ईस्ट बंगालबरोबर वाटून. कोलकाता लीगचे विजेतेपद १९६२ ते १९६५ अशी चार वर्षे सलग. गोल करणारे कोण ते नोंदींत सापडते. मागे कोण उभे होते ते मी सांगतो आहे.

राष्ट्रीय संघात त्याच्या जोडीला आला अरुण घोष. हा त्या वेळी ईस्ट बंगालचा, म्हणजे बागानचा कट्टर प्रतिस्पर्धी. स्वभावानेही दुसरे टोक. जर्नेल पुढे होऊन भिडणारा, तर घोष शांतपणे जागा धरून उभा राहणारा आणि चेंडू मिळाला की नेमका पास देणारा. एरवी कोलकात्याच्या मैदानात एकमेकांसमोर उभे राहणारे हे दोघे भारताच्या जर्सीत खांद्याला खांदा लावून खेळत. ही जोडी जमली होती म्हणूनच पुढे जकार्तामध्ये रहीमसाहेबांना तो जुगार खेळता आला.

जकार्ताची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. कोरिया हा १९५६ आणि १९६० असा दोन्ही वेळचा आशिया करंडक विजेता, त्यामुळे नवल नव्हते. नंतर थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्यात जर्नेलच्या डोक्याला मार लागून टाके घालावे लागले. पुढे जपानला भारताने २-० असे हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. समोर दक्षिण व्हिएतनाम. बचावाचा मुख्य माणूस जखमी. काय करायचे?

साधा उपाय म्हणजे त्याला बसवणे. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केले. मागची जबाबदारी अरुण घोषवर सोपवली. ऐकायला हे वेडेपणाचे वाटते. डोक्याला टाके असलेला माणूस पुढे पाठवून काय साधणार? पण थोडा विचार केला की त्यातली अक्कल कळते. स्टॉपरला निवड नसते. उंचावरून आलेला प्रत्येक चेंडू त्याला डोक्याने परतवावाच लागतो, कारण एक सुटला तरी गोल. आघाडीवीराला मात्र कोणत्या चेंडूवर जायचे आणि कोणता सोडायचा हे ठरवता येते. शिवाय जर्नेल कॉलेजच्या दिवसांत पुढे खेळलेला होता. आणि बँडेज बांधलेला असा धिप्पाड गडी आपल्या अंगावर येतो आहे हे पाहून समोरच्या बचावपटूंचे काय होत असेल, हा भाग निराळाच.

उपांत्य सामना भारताने ३-२ असा जिंकला. चुनी गोस्वामींचे दोन गोल, जर्नेलचा एक.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी. नवे कोरे सेनायन स्टेडियम, लाखाच्या आसपास प्रेक्षक, आणि ते जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. कारण खेळाबाहेरचे होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिला नव्हता. आशियाई स्पर्धेच्या जन्मदात्यांपैकी एक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी, मग या स्पर्धेला आशियाई स्पर्धा कसे म्हणायचे, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. जकार्तात संतापाची लाट उसळली. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधींना शहर सोडावे लागले. त्या वातावरणात अकरा भारतीय खेळाडू मैदानात उतरले आणि चहूबाजूंनी हुर्यो सुरू झाली.

या हुर्योमध्ये भारताच्या बाजूने ओरडणारा एक छोटा गट होता, असे चुनी गोस्वामी, पीके ही मंडळी पुढे आयुष्यभर सांगत राहिली. तो होता पाकिस्तानचा हॉकी संघ. याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला २-० असे हरवले होते. लायलपूरला जन्मलेल्या आणि अकराव्या वर्षी तिथून निघून यावे लागलेल्या जर्नेलला ते ऐकून काय वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

सतराव्या मिनिटाला पीकेने गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलने. तीन मिनिटांत दोन गोल, आणि स्टेडियम थंड पडले. त्यानंतर कोरियाला गोल करता आला तो ८५ व्या मिनिटाला. म्हणजे दुसऱ्या गोलानंतर पासष्ट मिनिटे भारताने कोरियाला झुलवत ठेवले. गोलमध्ये पीटर थंगराज, त्याच्यापुढे चंद्रशेखर, अरुण घोष, त्रिलोकसिंग आणि मधल्या फळीत प्रशांत सिन्हा व आपल्या गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको. हा फ्रँको कोलवाळचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. त्या संघात आपला म्हणावा असा माणूस तो. सामना कसा जिंकला असे विचारले की आपण सतरावे आणि विसावे मिनिट सांगतो. त्या पासष्ट मिनिटांविषयी कोणी विचारत नाही. स्वतः जर्नेललाही त्या दिवशी ती पुढे उभे राहूनच पाहावी लागली.

इथे एक गंमत सांगतो. निव्वळ आकडे पाहणाऱ्याला काय दिसेल? जर्नेल बचावात असताना कोरियाकडून ०-२ अशी हार, जर्नेल पुढे खेळला तेव्हा कोरियावर २-१ असा विजय आणि त्यात त्याचा गोल. म्हणजे इतकी वर्षे या माणसाला उगाच मागे ठेवले, असाच निष्कर्ष निघेल. रहीमसाहेबांनी तो काढला असता की नाही, ते कळायला मार्ग नाही, कारण त्यांना कर्करोग झालेला होता. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. जर्नेल मात्र नंतरही बचावपटू म्हणूनच नावाजला गेला.

१९६४ साली इस्रायलमध्ये झालेल्या आशिया करंडकात भारत उपविजेता ठरला. दक्षिण कोरियाला तिथे २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवले, हार पत्करली ती फक्त यजमानांकडून. १९६५ ते १९६७ या काळात जर्नेलने भारताचे नेतृत्व केले. १९६६ मध्ये आशियातल्या निवडक खेळाडूंचा ‘एशियन ऑल स्टार्स’ संघ झाला त्याचा कर्णधारही जर्नेलच होता. जपान, कोरिया, इराणसारख्या देशांत फुटबॉल जोमाने वाढत असताना साऱ्या खंडाच्या निवडक संघाची सूत्रे एका भारतीय बचावपटूकडे दिली गेली, हे आज खरे वाटणार नाही. त्याच वर्षीच्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मात्र भारत पहिल्याच फेरीत गारद झाला. १९७० च्या कांस्यपदकानंतर तर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे पदकच आपल्याला मिळालेले नाही.

अर्जुन पुरस्कारांची यादी पाहा, तीही बोलकी आहे. १९६१ साली हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा फुटबॉलसाठी तो पीकेला मिळाला. १९६२ साली बलरामला, १९६३ साली चुनीला. तिघेही गोल करणारे. मग १९६४ साली जर्नेल आणि १९६५ साली अरुण घोष. गोलरक्षक थंगराजला तर १९६७ पर्यंत थांबावे लागले. मी यात कोणाचे कारस्थान शोधत नाही. ते तिघे महान होतेच. पण क्रम मैदानातल्या जागांसारखाच लागला आहे, आधी पुढचे, मग मागचे, सर्वांत शेवटी गोलरक्षक.

१९६८ नंतर जर्नेल पंजाबात परतला. १९७० साली पंजाबने पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला त्या संघाचा तो खेळाडू-प्रशिक्षक होता. १९७४ साली पंजाबने पुन्हा तो करंडक पटकावला तेव्हा प्रशिक्षक. त्या स्पर्धेत पंजाबच्या इंदरसिंगने २३ गोल केले आणि अंतिम सामन्यात बंगालचा ६-० असा धुव्वा उडवला. आयुष्यभर गोल अडवलेल्या माणसाच्या हाताखालचा संघ असा गोलांनी ओळखला गेला. मला मात्र त्या सहापेक्षा पुढचे शून्य अधिक जर्नेलचे वाटते. पुढे तो पंजाब सरकारच्या क्रीडा खात्यात संचालकपदापर्यंत चढला. १३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरला तो वारला. वय ६४.

त्या जकार्ता संघातली माणसे एकेक करून गेली. थंगराज २००८ मध्ये. पीके आणि चुनी २०२० साली, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने. फ्रँको २०२१ मध्ये गोव्यात. बलराम २०२३ मध्ये. अंतिम सामना इथे कोणाला पाहता आला नव्हता, मुंबईत दूरदर्शन आले तेच मुळी १९७२ साली. पण मोहन बागानने १९६६ आणि १९६८ साली कूपरेजवर रोव्हर्स करंडक जिंकला, ती जर्नेलच्या बागानमधल्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. त्या काळी चार आण्या-आठ आण्यांसाठी घरी हट्ट धरून कूपरेजला जाणारी मुले आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा असतील. तुमच्या घरात असे कोणी असेल तर त्यांना एकदा विचारून पाहा, बागानच्या मागच्या फळीत मधे उभा राहणारा तो उंच सरदारजी त्यांना आठवतो का, आणि समोरचा आघाडीवीर चेंडू घेऊन त्याच्या जवळ आला की तो नेमके काय करायचा. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, खाली तारीख घाला.